सातव्या गल्लीची पडताळणी

पहिल्या दाराची कडी वाजवण्याआधीच त्रिंबकनं मनातल्या मनात नोकरीचा निरोप घेऊन टाकला.

त्याला कारण होतं. गेल्या मे महिन्यात घरांच्या पाहणीसाठी त्याच्याकडे कुंभारीच्या वाटेवरची ही कामगार वसाहत आली होती. सहा गल्ल्या त्यानं इमानेइतबारे पायाखाली घातल्या. सातवीच्या तोंडाशी आला तेव्हा ऊन असं तापलं होतं, की कावळासुद्धा सावली सोडायला राजी नव्हता. त्रिंबक चिंचेखाली बसला, डबा खाल्ला आणि बाराही घरांचे फॉर्म तिथंच भरून टाकले. नावं चुलतभावाच्या लग्नपत्रिकेतली. माणसं, खिडक्या, मोऱ्या स्वतःच्या डोक्यातल्या. गल्लीत पाऊल म्हणून टाकलं नाही.

आज पडताळणी होती. सोबत मुख्य कचेरीतून आलेल्या रेश्मा मॅडम. त्यांच्या एका सहीवर त्रिंबकची अकरा वर्षांची कंत्राटी नोकरी कायम होणार होती, नाहीतर कायमची जाणार होती.

दार उघडलं. चाळिशीची एक बाई पदराला हात पुसत उभी राहिली.

"नाव?" मॅडमनी फॉर्मात बघत विचारलं.

"सुंदरम्मा."

त्रिंबकच्या काखेतली फाइल खाली पडली. फॉर्मवर सुंदरम्माच होतं.

"घरात किती जण?"

"तिघं. मी, मालक आन् येक लेक."

"खिडक्या?"

"येक. पूर्वंला."

तिघं. एक. पूर्वेला. चिंचेखाली सुचलं होतं ते शब्दन् शब्द. त्रिंबकनं मान वाकडी करून आत पाहिलं. पूर्वेच्या भिंतीत खिडकी होती. तिच्या कडेचा गिलावा अजून ओलसर काळा होता. उत्तरेच्या भिंतीत खिडकीएवढा चौकोन विटांनी बुजवलेला होता.

बाई त्याच्याकडं बघून ओळखीचं हसली. त्यानं तिला जन्मात पाहिलं नव्हतं. भर दुपारी त्याच्या अंगावर काटा आला. आपण लिहिलेली माणसं हाडामांसाची होऊन आपलीच वाट बघत बसली असतील, तर त्यांना काय म्हणायचं? माणसं म्हणायचं, की आणखी काही?

दुसऱ्या घरात बिरुदेव भेटला. फॉर्मात होता तसाच, पन्नाशीचा. सगळे फॉर्म एकसारखे दिसू नयेत म्हणून त्रिंबकनं त्याला एक आंधळी आई देऊन टाकली होती. ती बाजेवर बसलेली होती. दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे.

मॅडमचा फोन वाजला. त्या अंगणात गेल्या. त्रिंबकनं भिंत धरली.

"तुम्ही... खरंच बिरुदेव?"

"छ्या! बारशापास्नं तात्याबा," माणूस खालच्या आवाजात म्हणाला. "बसा सर, लई घामेजलाय."

"मग हे?"

"पक्क्या घरांची यादी आली की, तुमच्या कागदावरनं. गल्लीला बाराच्या बारा घरं, पर नावं परक्याची. हापिसात गेलो तर म्हनले, कागद बदलत न्हाई, जुळंल त्यालाच घर. मग काय करायचं? कागद बदलंना, तर मानसानं बदलावं."

"सगळ्यांनी?"

"व्हय. नावं रीतसर बदलून घेतली. ईरप्पाला चार पोरं, तुमी दोनच लिवली. दोन धाडली मोडनिंबला मामाकडं. माजी आय तर कवाच गेली. ही बार्शीची मावशी."

"पण डोळे?"

"मोतीबिंदू. डाक्टर म्हनला, काढू. म्हनलं, आदी घराचं हुंद्या."

"थोडं दिसतंय मला," बाजेवरून मावशी म्हणाली. "ती बाई पिवळं नेसलीया."

"मावशे, गप! आंधळी हायेस तू!"

त्रिंबकच्या छातीवरचा धोंडा उतरला. भुतं नव्हती, अर्जदार होते. त्याला हसू फुटलं. तात्याबानं त्याचे हात धरले.

"तुमी नसता सर, तर आमाला कोन विचारत हुतं?"

मग पडताळणी सुरळीत चालली. फॉर्मात लिहिलेला लंगडा लंगडत आला. फॉर्मातला मुका नुसताच हात जोडून उभा राहिला. त्रिंबक आता पुढं होऊन स्वतःच कड्या वाजवू लागला.

राहिलं शेवटचं घर. या फॉर्मापर्यंत येता येता त्याला गेल्या वर्षी माणसं मांडण्याचा कंटाळा आला होता. त्यानं एकच बाई लिहिली होती, प्रतीक्षा, वय सव्वीस. पतीच्या रकान्यात 'मयत' लिहून तो मोकळा झाला होता.

दारात आलेली पोरगी सव्विशीचीच होती. गळा मोकळा.

"पती?" मॅडमनी विचारलं.

"वारले."

तिनं मृत्यूचा दाखला पुढं केला. मॅडमनी त्याच्यावरच्या चौकोनी खुणेवर मोबाइल धरला. असले खोटे दाखले कुठं मिळतात ते त्रिंबकला ठाऊक होतं. असल्या दाखल्यांना मोबाइल ओळखतो, हेही ठाऊक होतं.

"खरा आहे," मॅडम म्हणाल्या आणि तिथंच, दाराच्या चौकटीवर कागद टेकवून त्यांनी सही केली. "त्रिंबकराव, एक रकाना चुकला नाही तुमचा. असं काम मी अजून पाहिलं नव्हतं. ऑर्डर सोमवारी घेऊन जा."

त्या जीपकडं गेल्या. त्रिंबक मागं रेंगाळला. एवढी नेटकी तयारी करणाऱ्या बाईचं कौतुक केल्याशिवाय त्याला जाववेना. खुंटीवर गड्याचा एक शर्ट होता, धुऊन इस्त्री केलेला. त्रिंबकनं त्या शर्टाकडं बघत डोळा मिचकावला.

"झालं बरं का, प्रतीक्षाताई. मॅडम गेल्या. आता सांगा, मालकांना दडवलंय कुठं?"

प्रतीक्षानं दाखल्याची घडी घातली. नखानं ती नीट दाबली.

"पयलं दडवायचंच ठरलं हुतं, सर. पर हापिसात म्हनले, दाखला खराच लागतो."