वेंडलरच्या पुस्तकावरचं बोट

पानावर बोटाच्या टोकाएवढा लाल ठिपका होता, आणि वैदेहीच्या बोटालाही लालच रंग होता.

तिला घाम फुटला. सकाळी तिनं दसऱ्याची पूजा केली होती. डब्लिनमध्ये सुट्टी नाही म्हणून दसरा सोडणाऱ्यांतली ती नव्हती. भाजी चिरायच्या फळीला पाट मानून त्यावर पुस्तकं आणि लॅपटॉप मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि बस पकडायला धावली. जुन्या पुस्तकांना हात लावण्याआधी हात धुवायचे, हा ग्रंथालयाचा पहिला नियम. नेमका तोच आज विसरली.

पुस्तकही साधंसुधं नव्हतं. योहान वेंडलर नावाच्या जर्मन पंडिताचं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. आईनं लहानपणी दिलेलं हे प्रार्थनेचं पुस्तक त्यानं जन्मभर जवळ बाळगलं. म्हातारपणी त्यानं आपल्या सगळ्या पुस्तकांवर सह्या केल्या, तशी यावरही केली. पुढे त्याचा संग्रह विकला जात जात आयर्लंडला पोचला. या वेंडलरनं कोकणावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. विद्वान मात्र म्हणत, हा पक्का घरकोंबडा. हॅम्बुर्गची वेस कधी ओलांडली नाही, बंदरावरच्या खलाशांच्या गप्पा ऐकून सगळं लिहिलं. वैदेहीला ते मुळीच पटत नसे. पण पुरावा कुठून आणणार? तो शोधायलाच तर तिनं धडपडून या संग्रहावर काम मिळवलं होतं. आता ते हातचं जाणार होतं.

बाहेर येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला.

"अगं, गप्प बस ना," मुकुल म्हणाला. "कुणाला कळतंय? मिटून ठेवून दे."

"पुस्तकाशी लबाडी? आणि तीही दसऱ्याला?" तिनं फोन ठेवला.

आयलिश या संग्रहाची प्रमुख. तिच्यापुढे पुस्तक उघडून वैदेही म्हणाली, "हा डाग माझा आहे. मी हात धुतले नव्हते." तिला रडू आलं, आणि ते तिनं आवरलंही नाही.

आयलिशनं भिंग घेतलं. ठिपक्यावरून ते दोनदा फिरवून ती म्हणाली, "बोट दाखव."

वैदेहीनं दाखवलं.

"तुझ्या बोटाला नुसतं लाल आहे. इथे लालच्या खाली पिवळं आहे, चांगलं गोल. ते काय?"

"हळद. आधी हळद लावायची, मग कुंकू. आज आमच्याकडे पुस्तकांची पूजा असते."

"मग हे तुझं नाही." आयलिशनं भिंग तिच्या हातात दिलं. "त्याची सही बघ."

वैदेही वाकली. वेंडलरच्या सहीचं शेवटचं अक्षर लांब शेपूट काढत खाली आलं होतं. त्याची काळी शाई ठिपक्यावरून गेली होती. कुंकू खाली होतं, सही वर.

तिला हसूही येईना आणि रडूही थांबेना. घरकोंबडा घरी नव्हताच. एका दसऱ्याला तो कोकणात कुणाकडे तरी पाहुणा होता, आणि त्या घरानं त्याचं एक अक्षरही वाचता न येणारं पुस्तक आपल्या पोथ्यांशेजारी पाटावर मांडलं होतं.