हलकी बॉडी

तीस वर्षं वाघ-बिबटे टिपणारा तो फोटोग्राफर बायकोसोबत तिसऱ्या दुकानात उभा होता. लेन्स जुनीच चालणार होती. कॅमेऱ्याची बॉडी मात्र हलकी हवी होती, कारण हाताला कंप सुटला होता. त्याने समोरच्या तारेवरच्या कबुतरावर कॅमेरा रोखला. कबूतर चौकटीत नुसतं थरथरत होतं. “याहून हलकी?” त्याने दुकानदाराला विचारलं. “काका, हीच सगळ्यात हलकी. हाताची थरथर ही आपोआप सावरते.” “मग माझी का सावरत नाही?” तो ओरडला. बायको पुढे येऊन पाठमोरी उभी राहिली. “अहो, माझ्या खांद्यावर टेकवा.” त्याने टेकवला. कबूतर तरीही हलतच होतं. संपलं सगळं, त्याला वाटलं. मग लक्षात आलं, हात स्थिर होते. हुंदक्यांनी तिचा खांदा हलत होता. तिने डोळे पुसले. “आता काढा,” म्हणाली आणि श्वास रोखून उभी राहिली.