पांढऱ्या पडद्यावरचा डाग

साहेबांनी नाक पुसलेला रुमाल टेबलावर, थेट प्रोजेक्टरच्या व्हॉल्व्हच्या शेजारी ठेवला, तेव्हा तिनं व्हॉल्व्ह झटकन आपल्याकडे ओढला.

शी! ज्या दोन काचांवर धुळीचा कण बसू नये म्हणून ती टोपी-मास्क घालून जीव काढायची, त्यांच्याजवळ हा माणूस शेंबूड घेऊन बसतो! व्हॉल्व्ह म्हणजे त्याच दोन काचा, आणि त्यांच्यामध्ये लिक्विड क्रिस्टलचा केसाहूनही पातळ थर. त्यावर एवढंसं चित्र पडलं, की प्रखर दिवा तेच चित्र भिंतभर करून दाखवायचा. तिची उमेदीची सगळी वर्षं त्या थरात गेली होती, नवऱ्याची दिव्यात.

"सुट्टीत कुणीतरी हा व्हॉल्व्ह बाहेर नेऊन दुसऱ्या कंपनीला चालवून दाखवलाय," साहेब कंपनीच्या मालकीणबाईंना सांगत होते. "या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक यांच्याकडे." बोट तिच्या नवऱ्याकडे. "आता काय ते तुम्हीच समजून घ्या."

मग ते हसले. दातांत सकाळचा नाश्ता अडकलेला.

तिचं डोकंच फिरलं. स्वतः शेण खायचं आणि नाव दुसऱ्याचं घ्यायचं! आणि नवरा नुसता मान खाली घालून उभा.

"अहो, बोला की काहीतरी!"

"जाऊ दे गं," तो पुटपुटला. "कशाला त्या घाणीत हात घालतेस?"

नोकरी जाणार, चोरीचा ठपका बसणार, आणि हा म्हणतोय जाऊ दे! त्याच्या या गरीबपणाचा तिला कधीचा वीट आला होता. ती मालकीणबाईंकडे वळली.

"बाई, एकच चित्र फार वेळ लावून ठेवलं, की या थरात त्याचा डाग राहतो. आपण इथे नुसत्या रेघा आणि चौकोन लावतो, तेही बदलून बदलून. बाहेर जे दाखवलं असेल, ते आत असणारच. कोरा पांढरा उजेड टाकू या. कुणाचे धंदे आहेत ते आत्ता कळेल."

"व्हॉल्व्ह बिघडेल," नवरा घाईनं म्हणाला.

"पांढऱ्यानं कधी बिघडलाय?"

"लावा," मालकीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी घाम पुसला, त्याच रुमालानं. तिला आतून बरं वाटलं.

खोलीतले दिवे मालवले. भिंत पांढरीफेक झाली. मग मधोमध राखाडी काहीतरी उमटायला लागलं. कपाळ. दोन वेण्या. पुढचे दात पडलेलं, भिंतभर पसरलेलं हसू.

ते हसू तिनंच टिपलं होतं, घरच्या गॅलरीत. "हा फोटो बाबांच्या पाकिटात ठेव," लेकीनं हट्ट धरला होता, आणि तो तिथेच असायचा.

"कोण ही पोरगी?" मालकीणबाईंनी विचारलं.

ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्यानं चष्मा सारखा केला, पडद्याकडे नीट निरखून पाहिलं.

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "साहेबांच्या ओळखीतली असेल."