यशूचं हूं

घाटंजीत घरबसल्या संपादनाचं पहिलंच काम राजदीपला मिळालं होतं. पुण्याच्या एका नामवंत लेखकाच्या बालकथा. तपासलेली पानं पाठवून दोन दिवस होत नाहीत, तर थेट लेखकाचाच फोन.

"चाळीस वर्षं लिहितोय मी. माझी नऊ पानं कोणत्या आधारावर कापलीत?"

राजदीपची पुस्तकी मराठी पार गळून पडली.

"सर, खरं सांगू? बायको ड्यूटीले जाते, पोरीले, यशूले, मीच पाहतो. चार वर्षांची आहे. दुपारी तिले तुमच्या गोष्टी वाचून दाखवल्या. आमच्याकडं गोष्ट ऐकणाऱ्यानं मधी मधी 'हूं' म्हणा लागते. जिथं तिचं हूं बंद झालं, तिथं मी लाल पेन मारलं."

काम गेलं, राजदीपला वाटलं.

"जागी आहे का ती?"

"हो. इथंच बसून तुरीच्या शेंगा सोलून राह्यली."

"स्पीकरवर टाका."

कापलेल्यातलीच एक गोष्ट त्यांनी घेतली, पण या वेळी वाचली नाही, सांगायला लागले. "एक होता कावळा. त्याला उडायची फार भीती वाटायची."

एवढं बोलून चाळीस वर्षं लिहिणारा माणूस थांबला. यशूच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हूं," ती म्हणाली.

राजदीपनं लाल पेनाला टोपण लावलं.