वीस मिनिटांचा थांबा

ड्रायव्हरला जाग आली तेव्हा स्टँडच्या बाकावरचं ऊन त्याच्या छातीपर्यंत सरकलं होतं. त्याने दचकून घड्याळ पाहिलं. सव्वातीन. बायको शेजारी बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. समोर परतीची शेवटची बस लागली होती.

"अगं, उठवायचं नाहीस का?"

"गाढ झोपला होतात," ती म्हणाली आणि बसकडे चालू लागली.

सव्वीस वर्षं त्याने याच गावाची बस चालवली. तिथला जुना बाजार एकदा दाखवा, असं ती म्हणायची. पुढच्या महिन्यात नक्की, असं तो म्हणायचा. पुढचा महिना काही आला नाही, निवृत्ती तेवढी आली. परवा दोघं दूरच्या शहरात लेकाकडे राहायला निघणार होती, कायमची. म्हणून आजचा हा एकच दिवस.

आणि अकराला उतरल्या उतरल्या तो म्हणाला होता, "पाच मिनिटं पाठ टेकतो." जुनी खोड. इथला थांबा वीस मिनिटांचा. गाडी लावायची, याच बाकावर आडवं व्हायचं आणि विसाव्या मिनिटाला कुणी न उठवता उठायचं. स्टँडच्या फाटकाबाहेरच्या गावात त्याने कधी पाऊलच टाकलं नव्हतं. घरी मात्र त्या गावाबद्दल असा बोलायचा, जणू तिथला नगराध्यक्षच. ती वीस मिनिटंही घरापर्यंत आली होती. लग्न असो की दवाखाना, हा घड्याळ बघून उभा राहायचाच, "चला, सुटली गाडी!" आज मात्र सव्वीस वर्षांचा शीण एकदम अंगावर आला आणि त्याला उठूच दिलं नाही.

बस सुटली. खिडकीतून जुन्या बाजाराच्या दगडी कमानींची रांग आणि एक मनोरा दिसला, तोही वळणापर्यंतच. बायकोने डोळे मिटले होते. तिचा चेहरा दमलेला होता आणि चपला धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. बराच वेळ तो त्या चपलांकडेच बघत राहिला, कारण तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"चुकलं माझं," शेवटी तो म्हणाला. "एवढी एकच गोष्ट मागितलीस. तुझा बाजार राहिला."

तिने डोळे उघडले. "राहिला कुठे? सगळा पाहिला. मनोऱ्यावर चढले. एक म्हातारा कुलूप घडवत होता, ते लागेपर्यंत समोर बसून राहिले. मग एका पायरीवर नुसतीच बसले, उगीच."

"एकटी?"

"एकटीच."

"मग मला का नाही उठवलंस?"

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"उठवलं असतं, तर विसाव्या मिनिटाला मला परत गाडीत आणून बसवलं असतंत."