गाळलेल्या ओळी

वधू-वर मेळाव्याच्या पडद्यावर शेकडो मुलींची यादी झळकत होती. प्रोग्रॅम निनादने लिहिला होता. अटी टाकल्या, की त्यात न बसणाऱ्या ओळी गायब व्हायच्या.

"करून दाखव की," मंडळाचे अध्यक्ष माईकवर म्हणाले. "तूही लग्नाचाच आहेस. तुझ्याच अटी टाक."

लोक हसले. निनादने लाजत टाइप केलं. वय तीसपेक्षा कमी, उंची पाच फूट तीनपेक्षा जास्त. यादी झरझर आकसली, मोजकी नावं उरली. टाळ्या पडल्या.

"आमच्या मुलालाही ह्याच अटी लावा!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"आमच्याही!" मागून आवाज आला.

तेव्हा कुठे त्याला शेजारी बसलेली ताई आठवली. वय छत्तीस, उंची जेमतेम पाच फूट. सकाळी तिची माहिती त्यानेच भरली होती. "या वेळी जमेल बघ," असंही म्हणाला होता.

त्याने घाईघाईने अटी पुसल्या. सगळ्या ओळी परत आल्या. पण ताई पडद्याकडे बघतच नव्हती. रेशमी साडीवर लावलेला नंबरचा बिल्ला ती हळूच काढत होती, पिन अडकू न देता.

"छान चाललाय रे तुझा प्रोग्रॅम," ती म्हणाली.