पाचपैकी तीन

किनाऱ्यावरच्या रडारचा नियम साधा होता: पाच फेऱ्यांत चारदा दिसेल ती होडी, कमी दिसेल ती लाट. पूर्वी तीनदा चाले. पण खोट्या इशाऱ्यांनी साहेब वैतागत, म्हणून अभियंत्याने आकडा वाढवून शाबासकी मिळवली. संकटात सापडलेली एक लाकडी होडी लाटांआड लपत दर पाचांत तीनदाच दिसली. मदत निघालीच नाही. यंत्र नियमानेच वागले, असा चौकशी समितीने विद्वत्तापूर्ण निर्वाळा दिला. यंत्राने गाळलेले ठिपके बुडालेल्या मच्छीमाराच्या बायकोने पाहायला मागितले. अभियंत्याने ते पडद्यावर लावले. "आमचे बहिरे मामंजीसुद्धा तिसऱ्या हाकेला ओ देतात," ती म्हणाली. ठिपका उगवे, मावळे, पुन्हा उगवे. पाऊण तास गेला. "पुरे आता, वहिनी. पुढचं पाहवणार नाही." त्याने बटणाकडे हात नेला. तिने तो अडवला. "थांबा हो! अजून आहेत हे."